पन्नास कंपन्या आणि बहात्तर पायऱ्या

त्याने पास केलेली एकही लिफ्ट कधी पडली नाही. हे तो स्वतःच सांगायचा, चारचौघांत, छाती पुढे काढून, आणि ते खरंही होतं. खरं असायला कारण होतं: तो सहसा लिफ्ट पासच करत नसे. लिफ्ट तपासनिसाच्या नोकरीत त्याने एकतीस वर्षं काढली. त्या काळात त्याने किती लिफ्टना कुलूप लावलं याची नोंद कार्यालयात आहे. त्या कुलपांसमोर पिशव्या घेऊन उभ्या राहिलेल्या आणि मग कठड्याला धरून जिना चढू लागलेल्या म्हाताऱ्यांची नोंद कुणी ठेवली नाही. ते त्याचं काम नव्हतं. कार्यालयात त्याला पाठीमागे ‘ब्रेकसाहेब’ म्हणत, आणि हे कानावर आलं तेव्हा त्याला गुदगुल्याच झाल्या.

असा हा माणूस स्वतः राहायचा कुठे, तर लिफ्टच नसलेल्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. घर त्याच्या आणि परगावच्या भावाच्या नावावर होतं. भाऊ राहायलाही येत नव्हता आणि विकायला सहीही देत नव्हता. एकेका मजल्याला अठरा, अशा एकूण बहात्तर पायऱ्या. त्याला त्यांचं काहीच वाटत नसे; अंगावर मूठभर मांस नाही, आणि रोज उंच इमारतींच्या माथ्यावरच्या यंत्राच्या खोल्यांत शिड्या चढायची सवय. बायकोचं तसं नव्हतं. ती मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. पंचवीस वर्षं पायांनी मशीन चालवून आणि वर्गभर उभी राहून तिचे गुडघे कामातून गेले होते. पन्नासाव्या वर्षी तिने नोकरी सोडली ती या पायऱ्यांपायीच. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे साधी भाजीची पिशवी वर आणायची तरी दोघांपैकीच कुणीतरी.

त्याच सुमारास तिचं माहेरचं घर विकलं गेलं आणि तिच्या वाट्याला रक्कम आली. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घराची पाऊण किंमत भरेल एवढी. तिने चेक आणून नवऱ्यापुढे ठेवला.

"अहो, यात भर घाला नाहीतर हे वाढवा, काय ते तुम्हाला कळतं. पण मला खाली न्या. मला रस्त्यावर चालायचंय."

कर्ज म्हणताच त्याने कानांवर हात ठेवले. मग निदान भाड्याने तळमजला घेऊ, असं ती म्हणाली, तेव्हा "भाडं म्हणजे पैसे पाण्यात. जन्मभर भरत राहा, हाती काही नाही," असं म्हणून त्याने विषय संपवला. राहिलं ते वाढवणं. बँकेतल्या काउंटरवरच्या बाईने तिला सांगितलं होतं की देशातल्या सगळ्यात मोठ्या पन्नास कंपन्यांचा म्हणून एक निर्देशांक असतो. एकेक कंपनी निवडत बसायचं नाही, पन्नासांचाही थोडा थोडा तुकडा एकदम घ्यायचा आणि दहा वर्षं विसरून जायचं. ‘विसरून जायचं’ हे ऐकून तपासनिसाच्या कपाळाला आठी पडली.

"आधी तपासतो," तो म्हणाला. "तोवर बँकेत मुदत ठेव कर."

आणि तपासलं त्याने, हे मात्र कबूल केलं पाहिजे. कामचुकार तो कधीच नव्हता. वर्षभर प्रत्येक रविवारी तो सार्वजनिक वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे उपसत बसला. तीस वर्षांचे महिन्या-महिन्याचे आकडे त्याने निळ्या शाईने वहीत उतरवले. मग तपासनिसाच्या डोक्याने प्रश्न विचारला: कुणी कुठल्याही महिन्यात आत शिरला आणि वर्षभराने बाहेर पडला, तर काय? उत्तर वाईट होतं. एका वर्षात पैसे दीडपट झालेले होते आणि एका वर्षात निम्म्यावर आलेले होते. तीन वर्षं थांबणाऱ्यांत सहातला एक तोट्यात. सात वर्षं थांबणाऱ्यांत पाच-सहा कमनशिबी, तेही थोडक्यात हुकलेले. दहा वर्षं थांबणाऱ्यांत एकही नाही. एकही! त्याने पुन्हा मोजलं. मग उलट्या बाजूने मोजलं. दहा वर्षं थांबलेल्या अगदी करंट्या माणसालाही बँकेपेक्षा थोडं जास्तच मिळालं होतं, आणि मधल्या, बेताच्या नशिबाच्या माणसाचे पैसे तिपटीच्या वर गेले होते.

दुसरी गोष्ट त्याला मनापासून आवडली. पन्नासांतली एखादी कंपनी आजारी पडली, आकसली, की तिला यादीतून काढून बाहेरची धट्टीकट्टी कंपनी आत घेतात. "म्हणजे दोर झिजला की लिफ्ट चालू असतानाच नवा दोर घालतात," तो बायकोला म्हणाला, आणि एवढ्या उत्साहाने म्हणाला की त्या रात्री तिने तळमजल्याच्या घराला पडदे कुठल्या रंगाचे शिवायचे हेही ठरवून टाकलं.

मग त्याने रीतसर अहवाल लिहिला. दुसऱ्या तऱ्हेने लिहिणं त्याला येतच नव्हतं. वर तपासणीचा दिनांक, खाली तपासलेली वस्तू, भार, दोष, निष्कर्ष. कार्यालयातल्या टायपिस्टबाईकडून त्याने तो दुपारच्या सुट्टीत टाइप करून घेतला. शेवटची ओळ होती: ‘दहा वर्षांहून कमी मुदतीसाठी अयोग्य. दहा वर्षे वा अधिक मुदतीसाठी योग्य.’ टायपिस्टबाईची बोटं त्या शब्दावर थबकली. या साहेबाच्या अहवालात ‘योग्य’ हा शब्द तिने नोकरीभर बोटावर मोजण्याइतक्या वेळाच टाइप केला होता. त्याला एक प्रत देऊन तिने गुपचूप दुसरी स्वतःसाठी काढली.

खाली सह्यांच्या दोन जागा होत्या. लिफ्टच्या दाखल्यावर दोन तपासनिसांच्या सह्या लागतात. एका सहीने लिफ्ट बंद करता येते, चालू करायला दोन हव्यात. या नियमाचा अर्थ सगळं खातं ओळखून होतं: उद्या काही झालं तर ‘त्यानेही सही केली होती’ म्हणता यावं. घरी दुसरा तपासनीस कुठून आणणार? त्याने पेन उघडलं, पहिल्या जागेवर टेकवलं, बाजूची रिकामी जागा बघितली आणि पेन बंद केलं. अहवाल कपाटाच्या खणात गेला. बायकोने विचारलं तेव्हा म्हणाला, "तपासणी चालू आहे."

"मी करते ना सही," ती म्हणाली. तिला आत काय लिहिलंय ते माहीत नव्हतं, पण दुसऱ्या सहीचं खूळ तिला पाठ होतं.

"तू?" तो हसला. "तुला काजं-बटणं कळतात. चढउताराचं प्रमाण काढता येतं का तुला? हा शर्टाचा गळा नव्हे, चुकला तर उसवून पुन्हा शिवायला."

तिने ते गिळलं. तीस वर्षांत असं तिने इतकं गिळलं होतं की चवीचंही भान राहिलं नव्हतं.

मात्र नुसतं ‘चालू आहे’ म्हणून किती दिवस काढणार? म्हणून त्याने कारण शोधलं, आणि ते त्याच्या धंद्यातलंच होतं. लिफ्ट नवी असो वा जुनी, तिच्यात सव्वापट वजन भरून तिला मुद्दाम घसरू देतात आणि पकड बसते की नाही ते बघतात. वहीतल्या पडझडी त्याने डोळ्यांनी पाहिलेल्या नव्हत्या. "कागदावरची चाचणी मी लिफ्टचीही मानत नाही," त्याने जाहीर केलं. "एकदा माझ्यासमोर पडू दे. मग बघू."

आता आली का पंचाईत! माणसं बाजार पडू नये म्हणून देव पाण्यात घालतात, आणि हा रोज संध्याकाळी रेडिओला कान लावून तो कधी पडतो याची वाट बघायचा. बाजार काही याच्या सोयीने पडेना. एक वर्ष चढला, दोन वर्षं चढला, तिसऱ्या वर्षी थोडा डगमगला आणि पुन्हा चढला. चढलेला आकडा तो वहीत उतरवायचा तो चेहरा पाडून. बायको आधी आठवड्यातून चारदा खाली जायची, ती दोनदा जाऊ लागली. उतरताना एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवायची. चढताना दुसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीच्या दारात बसायची. शेजारीण आधी खुर्ची द्यायची. मग खुर्ची बाहेरच ठेवू लागली, म्हणजे दार उघडायला नको.

पाचव्या वर्षी बाजार पडला. थोडाथोडका नव्हे, सात महिन्यांत शंभराचे साठ झाले. ज्या दिवशी सगळ्यात जोराचा फटका बसला त्या दिवशी तो बहात्तर पायऱ्या जवळजवळ पळत चढला. दार उघडल्यावर त्याचं तोंड बघून तिला वाटलं, याला बढती मिळाली.

"पडला!" तो म्हणाला. "बघ, मी म्हणत होतो की नाही? तुझे पैसे आत असते तर आज निम्मे झाले असते. निम्मे! कुणी वाचवले?"

"तुम्ही," ती म्हणाली. तिच्या स्वभावात भांडण नव्हतं, पण डोकं शाबूत होतं. "आता पडून झाला ना? तुमची चाचणीही झाली. मग आता घालू या. स्वस्तही मिळेल."

साहेब, जाऊ द्या ना म्हणणाऱ्या घरमालकाकडे बघायचा तसंच त्याने तिच्याकडे बघितलं.

"पडलेल्या लिफ्टमध्ये लगेच माणूस बसवतात का? आधी दुरुस्ती होते, मग फेरतपासणी होते. सावरू दे की त्याला."

"सावरला म्हणजे महाग होणार."

"महाग झाला तर झाला. सुरक्षित तर असेल."

लिफ्टच्या बाबतीत यातलं अक्षरही चूक नव्हतं. एकतीस वर्षं त्याने पडलेली वस्तू बंद करायची हाच एक नियम पाळला, आणि पडल्यावरच आत शिरायचं असतं अशी एखादी वस्तू जगात असेल हे त्याच्या डोक्यात शिरायला जागाच उरली नव्हती. तिला मात्र ते एका क्षणात कळलं, कारण शाळेच्या गणवेशाचं कापड ती नेहमी भाव उतरल्यावरच घ्यायची. ती म्हणालीही तसं. "बाजार म्हणजे तुझं कापडाचं दुकान नव्हे," तो म्हणाला आणि जेवायला बसला.

दीड वर्षात बाजार सावरला. मग जुन्या उंचीच्या वर गेला. तेव्हा त्याला फेरतपासणीत नवा दोष सापडला: फार वर गेलाय. इतक्या वरून पडला तर? पुन्हा वाट बघणं आलं. हे चऱ्हाट असंच वळत राहिलं आणि मुदत ठेव दर वर्षी नव्याने होत राहिली. पावती तिच्या नावाची, कपाटाची किल्ली याच्याकडे. खालची घरं हळूहळू महागत होती. बायको आठवड्यातून एकदा खाली जायची ती महिन्यातून एकदा, मग फक्त डॉक्टरकडे, आणि शेवटची दोन वर्षं डॉक्टरच फोनवर औषध सांगायचा. रस्ता तिला खिडकीतून दिसायचा. माणसांची डोकी दिसायची, चेहरे दिसायचे नाहीत. केस पिकले, टक्कल पडलं, यावरून ती ओळखीची माणसं ओळखायची.

तो तिची काळजी घेत नव्हता असं कुणी म्हणू नये. भाजी आणायचा, दूध आणायचा, औषधं वेळेवर द्यायचा. आणि रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसून दिवसाचा आकडा वहीत लिहायचा. अकरा वर्षांत त्याने एक दिवस चुकवला नाही.

तो निवृत्त झाला. पेन्शन सुरू झाली. एकरकमी जे मिळालं ते त्याने ‘आजारपणासाठी राखीव’ म्हणून बाजूला काढलं आणि त्याला हात लावायचा नाही असं ठरवलं. महिनाभराने एका दुपारी टायपिस्टबाई घरी आली. बहात्तर पायऱ्या चढून धापा टाकत, हातात मिठाईचा खोका घेऊन. तो दूध आणायला खाली गेला होता.

"वहिनी, तुम्ही साहेबांच्या निरोपाच्या कार्यक्रमाला आला नाहीत, म्हणून मीच आले," ती म्हणाली. "साहेबांचे पाय धरायला हवेत मी. आमचं घर झालं, मला आणि दोन्ही मुलांना पुरेल असं! तीन खोल्या. कर्ज एक पैशाचं नाही."

बायकोला आनंद झाला. खरोखर झाला, ती तशीच होती. "साहेबांनी काय केलं त्यात?" तिने विचारलं.

"अहो, त्यांच्या अहवालावरच तर केलं सगळं! त्या पन्नास कंपन्यांच्या. मी म्हटलं, हा माणूस धड लिफ्टला योग्य म्हणत नाही, आणि याला योग्य म्हणतोय, म्हणजे डोळे मिटून घालावेत. नवऱ्याच्या विम्याचे आलेले सगळे घातले. मधे पडला तेव्हा काढून घ्यायला निघाले होते, पण अहवाल काढून वाचला, दहा वर्षं म्हटलंय ना, मग गप्प बसले. चौपट झाले, वहिनी." तिने पर्समधून घडी पडून पडून मऊ झालेला कागद काढला. "तुमचं काय, तुम्ही तर माझ्याआधीच घातले असतील."

बायकोने कागद घेतला, चष्मा लावला आणि शेवटची ओळ वाचली. मग वरचा दिनांक वाचला. दहा वर्षं होऊन गेली होती. तिने मान हलवली, टायपिस्टबाईला पाणी दिलं आणि विचारलं, "घर कितव्या मजल्यावर घेतलंत?"

"लिफ्ट आहे हो, पण मी तळमजलाच घेतला. साहेबांच्या हाताखाली काम केल्यावर लिफ्टमध्ये पाय ठेववत नाही." दोघी हसल्या. "आमच्या शेजारची खोली रिकामी आहे, भाड्याची. कुणी चांगलं माणूस असेल तर सांगा."

तो परत आला तेव्हा पाहुणी निघून गेली होती. बायको टेबलाशी बसली होती. समोर मिठाईचा खोका आणि तो कागद. त्याने कागद बघितला आणि दूध आत ठेवायला गेला. जरा वेळ आतच थांबला.

"पहिल्याच वर्षी कळलं होतं तुम्हाला," तो बाहेर आल्यावर ती म्हणाली.

"कळणं वेगळं आणि जबाबदारी घेणं वेगळं. बुडाले असते तर तू मलाच बोलली असतीस."

"मी? मी आजवर तुम्हाला कशाबद्दल बोललेय?"

तिने आवाज चढवला नाही. गेली अकरा वर्षं जी गोष्ट मागत होती तीच पुन्हा मागितली. तिच्या ठेवीत आता खालचं अर्धं घर येईल एवढीच रक्कम होती. पन्नास कंपन्यांत असती तर अख्खं घर आलं असतं. "जाऊ दे ते," ती म्हणाली. "आता घालू या. उद्याच घाला. दहा वर्षं तर दहा वर्षं."

त्याने घसा साफ केला. वही ओढली, पानं उलटली, आणि तिला दिसलं की शेवटच्या पानावर हल्लीचाच एक हिशेब मांडलेला आहे.

"आता तसं योग्य होणार नाही," तो म्हणाला. "आत्ता निर्देशांकाचा प्रश्न नाही. मुदतीचा आहे. दहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत, आणि... तुझं वय एकसष्ट. साखर आहे. वजन आहे. हालचाल नाही. तुझी आई किती वर्षांची होऊन गेली, मोठी बहीण किती वर्षांची..." तो थांबला. पण हिशेब अर्धवट सोडायची त्याला सवय नव्हती. "दहा भरत नाहीत."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"किती धरलीत?" तिने विचारलं.

"अगं, हे आपलं ढोबळ..."

"किती?"

"सात," तो म्हणाला, आणि मग खरं बोलल्याशिवाय राहवेना म्हणून पुढे म्हणाला, "साडेसात येत होती. सुरक्षिततेसाठी मी सात धरली."

त्याला वाटलं आता ही रडणार, आणि तो पाणी आणायला उठला. पण तिने वही स्वतःकडे ओढली, त्याच्या खिशातलं निळं पेन काढून घेतलं आणि त्याच पानाच्या कडेला आकडे मांडायला लागली. महिन्याचं भाडं. गुणिले बारा. गुणिले सात. दर वर्षी थोडी वाढ. औषधं. कामाला एक बाई. शाळेत तिने बावन्न मुलींच्या गणवेशांचं कापड एका बैठकीत काढलेलं होतं. हा हिशेब तिला काही जड नव्हता.

"काय करतेस?" त्याने विचारलं.

"भाडं जन्मभर भरावं लागतं म्हणून तुम्ही नको म्हणालात. जन्म किती उरलाय हे कुणी सांगितलं नव्हतं." तिने खाली दोन रेघा ओढल्या आणि तिथे स्वतःचं नाव लिहिलं, सही करतात तसं. "सात वर्षं पुरतं. थोडं उरतंही. ठेवीची पावती काढा कपाटातून. उद्या टायपिस्टबाईला फोन करते, शेजारची ती खोली मी घेते म्हणून, आणि तिचे मुलगे येऊ देत, मला खुर्चीत बसवून खाली न्यायला."

"आणि आठव्या वर्षी?"

"तुमचं गणित कधी चुकलंय?"

त्याने कडेचे आकडे तपासले. वरून खाली, मग खालून वर. चूक नव्हती. सगळे रकाने भरलेले होते, पण भाड्याच्या खोलीत माणसं किती, तिथे तिने एकच लिहिलं होतं.

"हे एकाचंच काढलंयस," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "तुम्हाला जिना चढता येतो."